सद्गुण, धैर्य आणि माणसाचा स्वभाव: युरोपच्या प्रबोधनकाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबोधनकाळातल्या लेखकांबद्दल मी अधूनमधून छोट्या गटांसमोर बोलतो. बोलणं संपून चहा आला की खरे प्रश्न सुरू होतात, आणि गाव बदललं तरी ते साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे मला थांबवत नाही. या लेखकांकडून मी घेतलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: माणसाचा गुण प्रसंगात दिसतो, आणि ही पारख त्यांनी इतरांच्या आधी स्वतःवर करून पाहिली.

प्रबोधनकाळ म्हणजे नेमका कुठला काळ?

ढोबळ मानानं इसवी सनाचं १४वं ते १६वं शतक. सुरुवात इटलीतल्या शहरांत झाली, मग फ्रान्स, नेदरलँड्स, इंग्लंड. मराठीत ‘प्रबोधन’ म्हटलं की अनेकांना आपलं एकोणिसावं शतक आठवतं, म्हणून काही जण या काळाला ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात. दोन्ही शब्द चालतात.

हे लोक जुनी ग्रीक आणि लॅटिन पुस्तकं शोधून काढत होते एवढंच सांगून भागत नाही. ती पुस्तकं ते जिवंत माणसांची पत्रं आल्यासारखी वाचत. इटालियन कवी पेट्रार्कला १३४५मध्ये व्हेरोनाच्या ग्रंथालयात प्राचीन रोममधला वक्ता आणि लेखक सिसेरो याची खासगी पत्रं सापडली. ज्याला तो गुरू मानत होता तो माणूस त्या पत्रांत घाबरलेला, राजकारणात अडकलेला, सारखी मतं बदलणारा दिसला. पेट्रार्क दुखावला आणि त्यानं काय करावं? तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच एक पत्र लिहून जाब विचारला. उपदेश एक आणि जगणं दुसरं असं का, म्हणून. हे पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. पुस्तकातला सद्गुण आणि तो सांगणाऱ्याचं वागणं शेजारी ठेवून पाहायचं, ही सवय तिथे स्पष्ट दिसते.

त्यांचा ‘व्हिर्तू’ म्हणजे आपला सद्गुणच ना?

अर्धा हो. मूळ लॅटिन शब्द ‘व्हिर्तुस’, आणि तो ‘व्हिर’ म्हणजे पुरुष या शब्दावरून आला. हा ‘व्हिर’ आणि संस्कृतातला ‘वीर’ एकाच मुळातून फुटलेले आहेत. म्हणजे रोमनांच्या कानाला त्या शब्दात आधी रणांगण ऐकू येई: मर्दानगी, पराक्रम, टिकून राहण्याची ताकद. सिसेरोसारख्या लेखकांनी त्यात ग्रीकांचे चार मोठे गुण ओतले: विवेक, न्याय, धैर्य, संयम. ख्रिस्ती धर्मानं श्रद्धा, आशा आणि प्रेम यांची भर घातली. मध्ययुगातल्या चर्चच्या भिंतींवर हे सातही गुण बायकांच्या रूपात रंगवलेले दिसतात, प्रत्येकीच्या हातात आपापली खूण.

इटालियनमध्ये येईपर्यंत शब्द इतका भरला होता की औषधी वनस्पतीच्या अंगच्या शक्तीलाही व्हिर्तूच म्हणत. आपणही ‘या पाल्यात गुण आहे’ किंवा ‘औषधाचा गुण आला’ असं म्हणतोच की. मला वाटतं, ‘सद्गुण’पेक्षा आपला साधा ‘गुण’ हा शब्द व्हिर्तूच्या जास्त जवळ आहे. गुण आला की नाही, हे परिणामावरून कळतं.

मग नशीब मोठं की कर्तृत्व?

हा प्रश्न त्यांनाही छळत होता. फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी मॅकियाव्हेली यानं राज्य कसं चालवावं यावरच्या ‘द प्रिन्स’ या पुस्तकाच्या २५व्या प्रकरणात दिलेलं उत्तर असं: आपल्या निम्म्या कामांवर नशिबाची सत्ता असेल, पण उरलेली निम्मी किंवा जवळपास तेवढी ते आपल्याकडे ठेवतं. पुढे तो नदीची उपमा देतो. नदीला पूर आला की शेतं बुडतात, झाडं आणि घरं वाहून जातात, माती इकडची तिकडे जाऊन पडते, आणि तिच्यापुढे सगळे पळतात. पण पाणी ओसरलेलं असताना बांध घालायला आणि कालवे काढायला कुणी अडवलेलं नसतं. जिथे बांध नाही, तिकडेच नशीब वळतं.

ही उपमा त्याला नुसती सुचलेली नाही. १५०४मध्ये फ्लॉरेन्सनं शत्रू असलेल्या पिसा शहराचं पाणी तोडण्यासाठी आर्नो नदीच वळवायचा घाट घातला होता. त्या योजनेत लिओनार्दो दा विंची सल्लागार होता आणि सरकारी कचेरीतून पाठपुरावा करत होता मॅकियाव्हेली. काम साफ फसलं. ज्याच्या डोळ्यांदेखत नदीनं माणसाचा बेत मोडला, तोच माणूस नऊ वर्षांनी लिहितो की बांध घाला.

पेट्रार्कचं म्हणणं थोडं वेगळं होतं आणि ते मला जास्त टोचतं. त्यानं नशिबाच्या दोन्ही तऱ्हांवरच्या उपायांचं एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की वाईट दिवस पेलणारी माणसं बरीच दिसतात, चांगले दिवस पेलणं त्याहून अवघड.

मॅकियाव्हेली म्हणजे कपटी सल्ले देणारा. त्याच्याकडून गुण काय शिकायचा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी माणूस बघू या.

निकोलो मॅकियाव्हेली १४६९मध्ये फ्लॉरेन्समध्ये जन्मला. २९व्या वर्षी गणराज्याच्या कचेरीत सचिव झाला, पुढची १४ वर्षं घोड्यावर बसून दरबारांमागून दरबार पालथे घातले. १५१२मध्ये फ्लॉरेन्सवर आधी सत्ता गाजवलेलं मेदिची घराणं परतलं, गणराज्य बुडालं, त्याची नोकरी गेली. १५१३च्या फेब्रुवारीत एका कटाच्या यादीत त्याचं नाव सापडलं. तुरुंगात त्याचे हात पाठीमागे बांधले, त्याच दोरीनं त्याला वर ओढलं आणि झटक्यात खाली सोडलं. असं सहा वेळा. खांदे निखळतात ते यानं. त्यानं काही कबूल केलं नाही. मार्चमध्ये एक मेदिची पोप झाला, त्या आनंदात कैद्यांना माफी मिळाली आणि हा सुटला.

पुढे शहराबाहेरच्या सांतआंद्रेआ या खेड्यातल्या आपल्या शेतावर तो राहायला गेला. तिथून १० डिसेंबर १५१३ला त्यानं रोममधल्या मित्राला, फ्रान्चेस्को वेत्तोरीला, एक पत्र लिहिलं. त्यात त्याचा सगळा दिवस आहे. सूर्य उगवताना उठायचं, तोडणी चाललेल्या आपल्या रानात जाऊन लाकूडतोड्यांची रोजची भांडणं ऐकायची, मग झऱ्याकाठी बसून काखेतलं कवितेचं पुस्तक उघडायचं. दुपारी खाणावळीत खाटीक, पिठाच्या गिरणीवाला आणि भट्टीवरचे दोन कामगार यांच्याबरोबर पत्ते आणि सोंगट्या. दमडीवरून इतकी आरडाओरड की शेजारच्या गावात ऐकू जावी. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तो दारातच चिखलानं माखलेले दिवसभराचे कपडे उतरवतो, दरबारात शोभतील असे कपडे घालतो आणि अभ्यासिकेत शिरतो. तिथे प्राचीन काळच्या माणसांशी बोलतो, अमुक तुम्ही का केलंत असं त्यांना विचारतो आणि ते आपुलकीनं उत्तर देतात. चार तास कंटाळा नाही, दुःख आठवत नाही, गरिबीची भीती नाही, मरणाचीही नाही. या भेटींतून जे हाती लागलं त्याचं छोटं पुस्तक केलंय, असं तो मित्राला सांगतो. तेच ‘द प्रिन्स’. छापलं गेलं १५३२मध्ये, तो वारल्यानंतर पाच वर्षांनी.

खांद्यांचं दुखणं घेऊन, कामावरून काढलेला, उद्याची शाश्वती नसलेला एक माणूस वाचायला बसण्यापूर्वी कपडे बदलतो. धैर्याची मला ठाऊक असलेली ही सगळ्यांत शांत कृती आहे. कुणी बघत नाही, टाळी नाही.

आता पुस्तकाबद्दल. राजानं सिंह आणि कोल्हा दोन्ही व्हावं, वेळ पडली तर शब्द मोडावा, असं तो लिहितो. तो भाग मी मऊ करून सांगणार नाही. पण आठव्या प्रकरणात सिराक्यूजच्या अगाथोक्लीझची गोष्ट येते. कुंभाराच्या पोरानं कत्तल करून सत्ता मिळवली, आणि संकटांत शिरून बाहेर पडण्याची त्याची ताकद मॅकियाव्हेली मान्य करतो. तरी पुढे लिहितोच की आपल्या नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं, ना इमान ना दया, याला व्हिर्तू म्हणता येत नाही. यातून सत्ता मिळते, कीर्ती मिळत नाही. त्याचा हात तिथे थांबला, हे मला महत्त्वाचं वाटतं. माणसं कशी वागायला हवीत यापेक्षा ती कशी वागतात ते पाहतो, असं म्हणणाऱ्या लेखकालाही शेवटी शब्दाची लाज राखावी लागली.

धैर्य म्हणजे भीती नसणं का?

याचं उत्तर पुस्तकाच्या आधी दगडात बघा. मायकेलअँजेलोनं घडवलेला बायबलमधल्या डेव्हिडचा पुतळा, १५०१ ते १५०४. तो संगमरवराचा ठोकळा सुमारे ४० वर्षं पडून होता, आधीच्या कारागिरांनी थोडं काम करून सोडून दिलेला. त्यातून मायकेलअँजेलोनं पाच मीटरहून उंच मुलगा काढला. त्याच्या आधी दोनातेल्लो आणि व्हेरोक्यो यांनी केलेले डेव्हिड जिंकल्यानंतरचे होते, पायाशी त्यानं मारलेल्या महाकाय गोलियाथचं कापलेलं मुंडकं. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पायाशी काही नाही. लढाई व्हायची आहे. दुरून तो निवांत उभा दिसतो. जवळून चेहरा पाहिला की भुवया आवळलेल्या दिसतात, नजर बाजूला कशावर तरी खिळलेली, मानेची शीर तटतटलेली. खाली सोडलेल्या उजव्या हाताच्या पाठीवर शिरा उमटल्या आहेत, गोफण डाव्या खांद्यावरून पाठीमागे गेलेली. भीती नसलेला माणूस असा उभा राहत नाही. त्याला समोरचा दिसतोय आणि तो जागचा हललेला नाही.

याच डेव्हिडबद्दल मॅकियाव्हेलीनं केलेली एक गंमतशीर भर सांगतो. बायबलच्या गोष्टीत सौल राजा डेव्हिडला आपलं चिलखत देतो, डेव्हिड ते परत करतो आणि गोफण घेऊन निघतो. मॅकियाव्हेली गोष्ट सांगताना त्याच्या हातात गोफणीबरोबर एक सुराही देतो. दुसऱ्याचं चिलखत अंगाला बसत नाही हा त्याचा मुद्दा, आणि स्वतःचं हत्यार थोडं जास्तच बरं, हा त्याचा स्वभाव.

फ्रेंच निबंधकार मोंतेन पुढे सरळ लिहितो की मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती भीतीचीच. अचानक गडगडाट झाला तर ज्ञानी माणूसही पांढरा पडेल, अंग चोरेल. त्यात कमीपणा नाही, त्यानंतर बुद्धी शाबूत राहते की नाही ते बघायचं. तोफेचा गोळा चुकवायला खाली वाकणंही त्याला मंजूर आहे. मागे हटणं म्हणजे भ्याडपणा का, हा सॉक्रेटिसचा जुना प्रश्न तो पुन्हा काढतो आणि खोटी माघार घेऊन जिंकणाऱ्या स्पार्टन सैनिकांचा दाखला देतो. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

या सगळ्याच्या शेजारी नेदरलँड्सचा विद्वान इरॅस्मस ठेवा. ज्यांनी युद्ध अनुभवलं नाही त्यांनाच ते गोड वाटतं, या जुन्या म्हणीवर त्यानं लांबलचक निबंध लिहिला. शौर्याची स्तुती करणाऱ्या त्या शतकात हा आवाजही होता, आणि तो छापून घरोघर जात होता.

हा मोंतेन मनोऱ्यात बसून लिहिणारा माणूस. त्याला धैर्याचं काय कळणार?

मिशेल द मोंतेन १५३३मध्ये जन्मला. ३८व्या वाढदिवशी नोकरी सोडून बोर्दोजवळच्या आपल्या गढीच्या मनोऱ्यात पुस्तकं घेऊन बसला, छताच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचनं रंगवून घेतली. इथवर खरं आहे. पण १५६२पासून फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची यादवी पेटली होती आणि त्याची गढी ऐन त्या मुलखात होती. आजूबाजूचे जमीनदार भिंती वाढवत होते, पहारे बसवत होते. मोंतेननं दार उघडं ठेवलं. पहाऱ्याला एक म्हातारा दरवान, तोही अदबीनं आत घेण्यासाठी.

एकदा ओळखीतलाच एक शेजारी एकटा घोडा दौडवत दाराशी आला. शत्रू मागे लागलाय, आत घ्या म्हणाला. घोडा फेसाळलेला. मोंतेननं घेतलं आणि त्याला धीर दिला. थोड्या वेळानं त्याचे चार-पाच शिपाई आले, तीच हकीकत. मग आणखी आले, असे पंचवीस-तीस हत्यारबंद घोडेस्वार अंगणात जमले. मोंतेनला डाव कळला होता. तो लिहितो की आता संशय दाखवून काही उपयोग नव्हता, म्हणून सुरुवात केली तशीच पुढे चालू ठेवली. पाहुण्याला बैठकीत नेलं, आदरातिथ्य केलं. अंगणातले स्वार घोड्यांवरच बसून होते, इशाऱ्याची वाट बघत. इशारा आला नाही. म्होरक्या उठला, घोड्यावर बसला आणि निघून गेला, त्याची माणसं चक्रावून त्याच्याकडे बघत राहिली. पुढे तो स्वतःच अनेकदा सांगे की मोंतेनच्या चेहऱ्यानं आणि मोकळेपणानं माझ्या हातातला दगा काढून घेतला.

हा माणूस बोर्दोचा दोनदा महापौर झाला, १५८१ ते १५८५. दुसऱ्या मुदतीच्या शेवटी शहरात प्लेग शिरला. तो बाहेर होता. मी यावं का, असं त्यानं नगरसभेला पत्रानं विचारलं आणि शहरात पाऊल न टाकताच कार्यभार सोडला. पुढच्या काळात यावरून त्याला नावं ठेवली गेली. मला स्वतःला वाटतं, तो गेला असता तर बरं झालं असतं. तलवारींसमोर दार उघडणारा माणूस रोगापुढे थबकला. पण माणसाचा धीर असाच तुकड्यातुकड्यांनी असतो, हे आपल्याला शिकवलं ते त्यानंच. म्हणून पुढचा प्रश्न.

माणसाचा स्वभाव बदलतो का?

इथे त्यांच्यात एकमत नाही, आणि म्हणून हा भाग मला आवडतो.

एका टोकाला पिको देला मिरांदोला. १४८६मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, रोममध्ये ९०० सिद्धांतांवर जाहीर वाद घालायला निघालेला मुलगा. पोपनं तो वाद होऊ दिला नाही, पण सुरुवातीचं भाषण उरलं. त्यात ईश्वर आदमला सांगतो की तुला मी ठरलेली जागा दिली नाही, ठरलेलं रूप दिलं नाही. तूच तुझा घडवणारा. खाली जाऊन पशू हो, वर जाऊन देवासारखा हो, तुझी निवड.

मॅकियाव्हेली मान हलवतो. सावध माणूस सावधच राहतो, धडाकेबाज माणूस धडाकाच लावतो. एका रीतीनं यश मिळालेलं असलं की काळ बदलला तरी ती रीत सुटत नाही. काळाबरोबर स्वभाव बदलता आला असता तर नशीब कधी फिरलंच नसतं.

मोंतेन या दोघांच्या खाली, जमिनीवर बसतो. तुम्ही कुठल्या एका स्वभावाबद्दल बोलताय, असं जणू विचारतो. आपण सगळे गोधडीसारखे ठिगळांचे. आपल्यात आणि दुसऱ्यात जेवढा फरक, तेवढाच आपल्यात आणि आपल्यातच. काल शूर दिसलेला उद्या भित्रा निघाला तर नवल वाटू देऊ नका. रागानं, गरजेनं, सोबत्यांनी किंवा वाइननं काल त्याच्या पोटात ते बळ घातलं असेल. ज्याच्याकडे खरंच धैर्य हा गुण आहे तो रणात आणि आजारपणात सारखाच दिसला पाहिजे. मूतखड्याच्या कळा वर्षानुवर्षं सोसत लिहिणाऱ्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून ते वरवरचं वाटत नाही. घरातल्या लोकांनी आणि नोकरांनी ज्याचं कौतुक केलं अशी माणसं थोडी, असंही तो म्हणतो. जाहीर सभेत नीट वागणं सोपं आहे. जेवणाच्या टेबलाशी, मुलीशी, नोकराशी बोलताना बघा.

चांगुलपणा आणि सद्गुण वेगळे कसे?

मोंतेनचंच ऐका: ज्याचा मूळ पिंडच मवाळ आहे आणि ज्याला अपमान लागतच नाही तो चांगला माणूस. अपमान जिव्हारी लागला, सूड घ्यायची आग पेटली आणि तरी ज्यानं स्वतःला आवरलं, तो सद्गुणी. सद्गुणाला अडचण लागते. स्वतःबद्दल तो सांगतो की माझ्यात आहे तो बहुतेक पहिला प्रकार, जन्मतः मिळालेला, त्याचं श्रेय मी घेत नाही. क्रौर्याचा त्याला मनस्वी तिटकारा. कोंबडीची मान पिरगळलेली पाहवत नाही, असं तो त्याच निबंधात लिहितो. आणि हे कधी, तर कैद्यांचे जाहीर हाल हा जेव्हा गावाचा तमाशा होता.

कास्तिलिओनेचा ‘सहजपणा’ म्हणजे दिखावाच ना?

थोडाफार. कास्तिलिओने हा इटलीतला दरबारी माणूस. १५२८मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या पुस्तकात उर्बिनोच्या दरबारातली मंडळी चार रात्री गप्पा मारतात की आदर्श दरबारी माणूस कसा असावा. मेहनत दिसू न देता काम करावं, अवघड गोष्ट सोपी वाटावी, असं त्यांचं ठरतं. गाणं शिकलेल्याला हे लगेच कळेल. चौथ्या रात्री मात्र चर्चा वळते आणि मुद्दा निघतो की ही सगळी शोभा कशासाठी, तर राजाचा विश्वास मिळवून त्याला न आवडणारं खरं सांगता यावं म्हणून. पुस्तक वाचणारे बहुतेक जण तिथवर पोचत नाहीत.

‘व्हिर’ म्हणजे पुरुष, तर बायकांचं काय?

हा प्रश्न त्या काळातच एका बाईनं विचारला होता. क्रिस्तीन द पिझाँ, जन्म व्हेनिसचा, वाढली पॅरिसच्या दरबारात. पंचविशीत विधवा झाली. पदरी तीन मुलं, आई, आणि नवऱ्याचं येणं वसूल करायला वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. तिनं लेखणीवर घर चालवलं. १४०३च्या एका दीर्घ काव्यात ती सांगते की वादळात जहाजाचा नाखवा, म्हणजे तिचा नवरा, समुद्रात गेला, नशीबदेवतेनं तिला स्पर्श केला आणि ती पुरुष झाली. अंग घट्ट झालं, आवाज जड झाला, आणि उठून तिनं जहाजाची दुरुस्ती सुरू केली. ‘व्हिर’ची अट तिनं अशी पुरी केली.

दोन वर्षांनी तिनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. १४०५च्या ‘स्त्रियांची नगरी’मध्ये ती अभ्यासिकेत बसली आहे, बायकांची निंदा करणारं एक पुस्तक वाचून खचलेली, देवा मला बाई का केलंस असं म्हणत. तेव्हा बुद्धी, सचोटी आणि न्याय या तीन देवता येतात आणि तिला कुदळ हाती घ्यायला सांगतात. पायापासून नगरी बांधायची, एकेक दगड म्हणजे एकेक कर्तबगार बाई. या वेळी पुरुष व्हायची गरज तिला पडत नाही. या दोन पुस्तकांमधली दोन वर्षं मला वारंवार विचारात पाडतात.

थॉमस मोरला आदर्श मानावं का?

त्याचं मरण, हो. राजानं चर्चचा प्रमुख व्हावं हे इंग्लंडच्या या माजी चॅन्सेलरला, म्हणजे राजाच्या मुख्य मंत्र्याला, मान्य नव्हतं. त्यानं विरोधात भाषण केलं नाही, फक्त ते मान्य असल्याची शपथ घेतली नाही आणि कारण सांगितलं नाही. ६ जुलै १५३५ला वधमंचाचा जिना डुगडुगत होता. वर जायला हात द्या, उतरायचं माझं मी बघेन, असं तो अधिकाऱ्याला म्हणाला. जल्लादाला त्यानं मिठी मारली, माझी मान आखूड आहे, नीट घाव घाल असं सांगितलं.

पण तो चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जाळलं गेलं, आणि त्याबद्दल त्याला पश्चात्ताप झालेला दिसत नाही. स्वतःच्या सदसद्विवेकासाठी प्राण देणाऱ्याला दुसऱ्याचा सदसद्विवेक दिसला नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक सांगून दुसरी झाकली तर आपण त्याला ओळखत नाही.

मृत्यूच्या भीतीवर त्यांनी काय सांगितलं?

सुरुवातीचा मोंतेन म्हणतो, तत्त्वज्ञान म्हणजे मरायला शिकणं, रोज मरणाचा विचार करा. एकदा घोड्यावरून पडून तो मेल्यातच जमा झाला, रक्त ओकत घरी आणला गेला, आणि नंतर त्यानं लिहिलं की तो क्षण झोपेत घसरत जाण्याइतका मऊ होता. १५८५च्या प्लेगमध्ये त्यानं गावचे शेतकरी मरताना पाहिले. रडारड नाही. काहींनी आपली कबर आधीच खणून ठेवली, एक मजूर तर खड्ड्यात पडून हातापायांनी अंगावर माती ओढत मेला. त्यानंतरचा मोंतेन सांगतो की मरायचं कसं हे माहीत नसेल तर काळजी करू नका, निसर्ग ऐन वेळी शिकवेल. पंधरा-एक वर्षांत मत उलटं झालं आणि त्यानं जुना निबंध खोडला नाही. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत.

वाचायला सुरुवात कुठून करू?

मॅकियाव्हेलीचं ते पत्र. दोन-तीन पानांचं आहे. मग मोंतेनचा कुठलाही छोटा निबंध. ‘द प्रिन्स’ नंतर, आणि एका बैठकीत नको.

या सगळ्याचा आपल्या भागाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि पणजीत गेलात तर त्या काळातल्या एका माणसाच्या नावाच्या बागेत बसूही शकता. म्युनिसिपल गार्डनला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. १५३४मध्ये तो हिंदुस्थानात आला, आयुष्य गोव्यात काढलं, मुंबईचं बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचं इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. रचना अस्सल प्रबोधनकाळातली, म्हणजे संवाद: स्पेनहून आलेला पुस्तकी डॉक्टर रुआनो विचारतो, ऑर्ता उत्तर देतो. ग्रीक आचार्यांनी काय लिहिलंय यापेक्षा मी बाजारात आणि इथल्या वैद्यांकडे काय पाहिलं ते तो पुढे ठेवतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती, असंही कबूल करतो. आंबा, फणस, भांग, पटकी यांवरची त्याची निरीक्षणं आजही ताजी वाटतात.

पण घरची एक गोष्ट त्याला कधीच उघड बोलता आली नाही. तो ज्यू कुळातला, सक्तीनं ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला होता. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६०मध्ये गोव्यात येऊन बसलं होतं, म्हणजे पुस्तक छापलं गेलं ते त्याच्या नाकासमोर. ऑर्ता १५६८मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळण्यात आलं. १५८०मध्ये त्याच्यावर मरणोत्तर ठपका ठेवून त्याची हाडं उकरली आणि तीही जाळली. तोवर अँटवर्पमध्ये त्याच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप छापून १३ वर्षं झाली होती, आणि युरोपभरचे वैद्य तो वाचत होते.